परदेशस्थांची पुरवणी

लग्नानंतर मला जे आडनाव मिळालं त्याच्या शेवटी 'कर' आहे आणि त्याच्या आधी कोकणातल्या एका गावाचं नाव. ते गाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तर आडनाव कळेल, आणि आडनाव कळलं तर मला डोंबिवली पूर्वेतून फोन येईल. फोन माझ्या चुलत सासऱ्यांचा असेल. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांनी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. जुनी आवृत्ती त्यांच्या वडिलांच्या पिढीने काढलेली. तिच्यात पहिल्याच पानावर आमचा मूळपुरुष पांढऱ्या घोड्यावरून कोकणात उतरतो आणि त्याला ते गाव इनाम मिळतं. घोड्याचा रंग दिलेला आहे, माणसाचं नाव मात्र दिलेलं नाही. ही नवी आवृत्ती निघायचं खरं कारण काकांच्या शेजारच्या विंगमध्ये राहत होतं. तिथल्या एका घराण्याने आपला कुलवृत्तांत काढला होता आणि त्याला परदेशात असलेल्या मंडळींची रंगीत पुरवणी जोडली होती. काकांना ती पुरवणी लिफ्टमध्ये दाखवली गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी ती बघितली आणि चौथ्या मजल्यावर मला फोन केला.

"अगं, तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, कारण माझं ठाणे स्टेशनपासून पाच मिनिटांवर डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, श्रद्धांजलीचे फलक. अशा रीतीने मी आमच्या घराण्याची जागतिक कार्यवाह झाले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण सुनांना तसंही विचारत नाहीत.

काकांनी बाजारातून जगाचा मोठा नकाशा आणला, तो हॉलमधल्या भिंतीवर लावला आणि रंगीत टाचण्यांची डबी आणली. माहितीचा एक फॉर्म तयार करून मी तो व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुकवर टाकला. नाव, शिक्षण, हुद्दा, देश, परदेशगमनाचा हेतू. शेवटचा रकाना काकांचा. उत्तरं यायला लागली ती सगळी इंग्रजी लिपीत. अमेरिकेतल्या एका पुतण्याने हेतूच्या रकान्यात 'बायको' असं लिहिलं. काकांनी ते खोडून 'उच्च शिक्षण' केलं.

हुद्द्यांचंही तसंच. कॅनडात गोदामात खोकी उचलणारा एक चुलत पुतण्या 'पुरवठा व्यवस्थापन' झाला. दुबईत इमारतींना रंग लावणाऱ्यांवर देखरेख करणारा 'वास्तुसौंदर्य' झाला. एका मुलाने तिकडच्या लोकांना उच्चारता येत नाही म्हणून आडनावाची पहिली तीन अक्षरंच ठेवली होती. काकांनी त्याला फोनवर चांगलं अर्धा तास झापलं. तो म्हणाला, "काका, पगार तीन अक्षरांवरच येतो." आणि जर्मनीतल्या आमच्या एका मुलीच्या गोऱ्या नवऱ्याने लग्नात चक्क तिचं आडनाव घेतलं होतं. हे असं काही होऊ शकतं हे पचवायला काकांना दोन दिवस लागले. मग म्हणाले, "घाल त्याला. उंच आहे, फोटो चांगला येतो."

तरीसुद्धा नकाशा ओकाबोका दिसायला लागला. आमच्या कुलवृत्तांतात मुलींची नोंद लग्नापर्यंतच होते, पुढे त्या गेल्या. परदेशी जाणाऱ्यांत अर्ध्या मुलीच निघाल्या. काकांनी बैठक बोलावली, म्हणजे मला आणि काकूंना समोर बसवलं, आणि जाहीर केलं की परदेशस्थ कन्यांचा अपवाद करण्यात येत आहे.

मी विचारलं, "मग टिटवाळ्याच्या वन्संचं काय?"

"टिटवाळा परदेश आहे का?"

नव्हता. त्यामुळे टोरांटोला दिलेली मुलगी घराण्यात राहिली आणि टिटवाळ्याला दिलेली गेली ती गेलीच. वन्संना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हिसा काढू का गं?"

याच दिवसांत जवळच्याच कोलशेतचा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला दुकानात आला. खाडीवर मासेमारी करणारं घर. आडनाव आमचंच. प्रूफ टेबलावर होतं आणि काका नेमके पुरवणीची पानं बघायला आलेले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "आमचं आडनाव तुमच्याकडे कसं?"

"तुमचं?" तो हसला. "आमचा आजा त्या गावाहून होडी घेऊन इथं आला, म्हणून."

तो गेल्यावर काका म्हणाले, "हल्ली हे लोक काहीही आडनाव लावतात." मी प्रूफमधला गणपती थोडा डावीकडे सरकवत बसले.

आणि मग मॉरिशसहून मेल आली. सगळ्या जगातून आलेल्या उत्तरांत देवनागरीतलं हे पहिलंच. लिहिणाऱ्या बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. 'आदरणीय महोदय, आपले आवेदनपत्र फेसबुकवर पाहून अतिशय आनंद झाला. माझे पणजोबा बोटीने या बेटावर आले. आमच्या घरी आजही गणपती बसतो. आडनाव तेच आहे, मात्र येथील कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिल्यामुळे स्पेलिंग वेगळे आहे.'

काकांनी ती मेल तीनदा वाचून घेतली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. मग ते उठले आणि आफ्रिकेच्या शेजारी समुद्रात त्यांनी एक सोनेरी टाचणी टोचली. शेजारच्या विंगकडे इतकी जुनी टाचणी नव्हती. मला त्यांनी मजकूर सांगितला तो असा: 'त्या काळी सागर ओलांडणारे आपल्या घराण्यातील पहिले साहसी व्यापारी.' व्यापार कशाचा, असं मी विचारलं. "साखरेचा असणार," काका म्हणाले. "मॉरिशस आहे."

साखरेचाच निघाला. काकांनी उत्साहाने बाईंना लिहिलं की आमच्याकडे जरूर या, आणि पुरवणीत छापायला काही जुना कागद असेल तर पाठवा. बाईंनी तिकीट काढल्याचं कळवलं आणि सोबत तिकडच्या दप्तरखान्यातल्या नोंदीचा फोटो पाठवला. त्यावर त्यांच्या पणजोबांचा क्रमांक होता, वय, उंची, डाव्या गालावर व्रण. गाव आमचंच, तालुक्यासकट. मग काम: उसाच्या मळ्यावर मजूर. आणि त्याच्या शेजारी जातीचा रकाना.

काका भिंगाने वाचत होते. त्या रकान्यापाशी भिंग थांबलं. जात आमची नव्हती. आमच्यापेक्षा फारच खाली समजली जाणारी होती.

"ते टाइप केलंयस ना," ते म्हणाले, "ते डिलीट कर."

"पण काका, गाव तेच आहे."

"गाव तेच असेल. आपले नव्हेत ते."

सोनेरी टाचणी काढली गेली. समुद्रात एक बारीकसं भोक राहिलं, ते जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हतं. पण बाईंचं तिकीट काही निघायचं राहिलं नव्हतं, आणि बोलावणं काकांच्याच सहीचं होतं. त्या आल्या. साडी नेसलेल्या, पायात बूट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. मी त्यांना डोंबिवली स्टेशनवर घ्यायला गेलेले. रिक्षात बसल्यावर त्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागल्या. एक वाचून झाली की हसायच्या. "सगळे मराठीत लिहिलेले आहे," त्या मला म्हणाल्या, जणू ही बातमी मला नसावी.

काकांच्या घरी काकूंनी पोहे केले होते. बाईंनी व्हॅनिलाच्या वासाचा चहा आणला होता, तो काकूंनी लगेच केला. काका तक्क्याला न टेकता ताठ बसलेले. नकाशाकडे पाठ करून.

"आपण मजला बोलाविले, फार आनंद झाला," बाई म्हणाल्या आणि फोल्डर उघडलं. "हा आमचा कागद. आता आपला कागद पाहू या?"

काका खाकरले. "आमचा इतिहास तसा परंपरेने चालत आलेला आहे."

"म्हणजे कागद नाही?"

त्यात टोमणा नव्हता. शिक्षिका वही न आणलेल्या मुलाला विचारते तसं त्यांनी विचारलं. काका तांबडे झाले. "कागदाची गरजच काय? गावात कुणालाही विचारा. आबालवृद्ध सांगतील आमचं घराणं."

"विचारू या की," बाई म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या गावाला जाणारच होत्या आणि ग्रामपंचायतीतल्या शिपायाशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. काकांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

"हां ताई, बोला," पलीकडून आवाज आला.

काकांनी गळा साफ करून आपली ओळख दिली. निवृत्त अधिकारी, कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष. मग आडनाव सांगितलं आणि विचारलं, गावात सध्या आमची किती घरं आहेत?

"एक पण नाय ओ."

"काय?"

"त्या आडनावाचा एक माणूस नाय गावात. कसा असेल? गावात राहणारा गावाचं नाव कशाला लावेल? इथून उठून जो भायेर गेला, त्याला तिकडच्यांनी विचारलं कुठचा, तो म्हणाला अमक्या गावचा. झालं आडनाव. इथल्यांची आडनावं येगळी."

"पण इनाम होतं आमचं!" काकांचा आवाज चढला. "मूळपुरुष घोड्यावरून आले होते. पांढऱ्या."

मग तो माणूस अगदी आदराने म्हणाला, "सायेब, ह्या गावात घोडा? आमची पायऱ्यांची पाखाडी तुम्ही बघितली नाय वाटतं. बैल वर चढवताना दोन माणसं मागून लावायला लागतात. असे लय लोक येतात विचारायला. मागच्या म्हयन्यात सोनार आलेले, त्याच्या आधी कोण कुंभार होते. सगळे इनामदारच. आम्ही देवळात नेतो, नारळ देतो, पाठवतो."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून झारा पडला. पडला की त्यांनी टाकला, मला माहीत नाही, पण त्या आवाजाखाली त्यांचं हसणं लपलं. छत्तीस वर्षं त्या घोड्याची गोष्ट ऐकत होत्या बिचाऱ्या.

बाईंना मात्र काही विनोदी वाटलं नाही. त्या विचार करत होत्या. "म्हणजे ज्यांनी गाव सोडिले, तेवढेच आपण," त्या काकांना म्हणाल्या. त्यांच्या त्या 'आपण'मध्ये काकाही होते. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चहा गार होतोय."

बाई गावाला जाऊन आल्या. परतीच्या वाटेवर माझ्याच घरी उतरल्या, दोन दिवस राहिल्या आणि माझा नवरा ऑफिसला गेल्यावर माझ्याबरोबर दुकानात येऊन बसायच्या. मला वाटलं, आता काका निदान परिशिष्टात तरी त्यांना घेतील. घेतलं. पुरवणीच्या शेवटी 'नामसादृश्य' असं शीर्षक देऊन एक वाक्य: 'याच आडनावाची काही कुटुंबे मॉरिशस, कोलशेत इत्यादी ठिकाणी आढळतात, त्यांचा प्रस्तुत घराण्याशी संबंध नाही.' ते वाक्य मी टाइप केलं. नाही म्हणता आलं असतं. दुकान माझं, बोटं माझी. पण मी टाइप केलं, वर स्वल्पविराम नीट पडलाय ना तेही तपासलं. घरात भांडण नको, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. असं सांगण्याची सवय मला आडनावाबरोबरच मिळालेली आहे.

प्रकाशन ठाण्यात एका हॉलमध्ये झालं. परदेशस्थ मंडळी पडद्यावर येणार होती. आली तीन, त्यातली एक जांभया देत. जर्मन जावयाने मात्र मराठीत नमस्कार म्हटलं आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. पांढरा घोडा पहिल्या पानावर जसाच्या तसा होता, उलट या वेळी रंगीत छपाईत जास्तच पांढरा दिसत होता.

त्या रात्री नाही, पण चार-सहा दिवसांनी मी बाईंना सगळं लिहिलं. ते वाक्यही लिहिलं आणि ते कोणी टाइप केलं तेही. त्यांचं उत्तर आलं ते रागाचं नव्हतं. 'आपण मला दोन दिवस घरी ठेविले, हे मी विसरलेले नाही,' असं लिहून त्यांनी सोबत अकरा पानांचे फोटो जोडले होते. त्यांच्या हाताने लिहिलेली, त्या बेटावरच्या घराण्याची यादी. पणजोबांपासून शेंड्यापर्यंत. मुली सगळ्या होत्या, सासरी गेलेल्याही, त्यांचे नवरे आणि मुलांसकट. कामंही होती आणि ती होती तशी लिहिलेली: मळ्यावर मजूर, मळ्यावर मजूर, मुकादम, बस ड्रायव्हर, परिचारिका, शिक्षिका.

मी ती लावायला घेतली. लग्नसराई संपत आली होती, हातात वेळ होता. सोळा पानांची पुस्तिका झाली. मुखपृष्ठावर त्या गावाची पाखाडी, बाईंनीच काढलेला फोटो. त्यात टिटवाळ्याच्या वन्संचं नाव घालायचा मला फार मोह झाला, पण ते त्यांचं घराणं होतं, माझ्या रागाची वही नव्हे. प्रती मॉरिशसला गेल्या. गणपतीत त्यांनी सगळ्या घरांना जमवून ती मोठ्याने वाचली, त्याचा व्हिडिओ मला पाठवला. लहान मुलं आपलं नाव आलं की ओरडत होती.

थोड्या दिवसांनी काका दुकानात आले. त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, काकूच असणार. "ते मॉरिशसचं काहीतरी केलंयस म्हणे," ते म्हणाले. मी एक प्रत पुढे केली. उभ्याउभ्याच त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. दोन गिऱ्हाईकं येऊन गेली तोवर. मग पुस्तिका मधोमध दुमडून त्यांनी आपल्या कापडी पिशवीत ठेवली.

"नवव्या पानावर 'परिचारिका'ची वेलांटी चुकली आहे," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

ते गेल्यावर मी नववं पान काढून बघितलं. चुकली होती.