स्टँडवरची मूळव्याध

दुपारी भाडं नसलं की रिक्षा स्टँडवर गप्पा कुठून कुठे जातात, सांगता येत नाही. मुलुंडच्या आमच्या स्टँडवर त्या बहुतेक वेळा पोटावर येतात. दिवसभर बसून धंदा, लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी, जेवण म्हणजे वडापाव. सकाळी कोणाला साफ झालं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मी फारसा बोलत नाही. मागच्या सीटवर बसून ऐकतो, म्हणून माझ्याकडे हे किस्से साठत गेले.

*

शिंदे म्हणजे स्टँडचा डॉक्टर. कोणाला काहीही होऊ दे, औषध तोच सांगणार. एकदा त्यालाच संडासात लाल दिसलं. दोन दिवस स्टँडवर दिसला नाही, मग हसत आला.

"काय नाय रे, बायकोने बिटाची कोशिंबीर केली होती. डॉक्टरपण हसला."

तेव्हापासून कोणी रक्ताचं बोललं की बाकीचे विचारायचे, "काय, कोशिंबीर खाल्लीस?"

सांगणारा विषय बदलायचा.

*

तांबेकाका आमच्यात सगळ्यात मोठे, मालवणकडचे, साठीला आलेले. त्यांना रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी बीट खाल्लं नव्हतं. शिंदेने निदान बदललं.

"मूळव्याध. सीटची गरमी."

त्याने जुनी ट्यूब कापून, चिंध्या भरून काकांना गोल गादी करून दिली. "यावर बसा. इंजिनची उष्णता वर येणार नाही."

"इंजिन मागे असतं ना?" मी विचारलं.

"तू गप रे."

काका पावसाळाभर त्या गादीवर बसले. आराम पडला का विचारलं की म्हणायचे, "उंच बसाक मिळता, सिग्नल बरो दिसता."

*

काका हे स्टँडवर सगळ्यांना सांगायचे, घरी मात्र अक्षर नाही. एकदा काकी बाजारातून जाताना थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांची पँट बघ कशी ढिली झाली. जेवतात ना रे नीट?"

काकांनी मागून मला डोळ्यांनी गप्प केलं.

"डाएट चालू आहे काकी," शिंदे म्हणाला. "हिरो व्हायचंय त्यांना."

सगळे हसले. काकीपण हसल्या.

*

गणपती झाल्यावर एका दुपारी सिग्नल हिरवा झाला तरी काकांची रिक्षा हलेना. मी त्यांच्या मागेच होतो. उतरून बघितलं तर डोकं हँडलवर, शर्ट घामाने भिजलेला. तसंच त्यांना हॉस्पिटलला नेलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. रक्त कधीपासून, शौचाची सवय बदलली का, वजन उतरलं का, थकवा येतो का, असं विचारत गेल्या. काका मान हलवत गेले.

"मग इतके महिने का थांबलात?"

"मूळव्याध आसा."

"कोणी तपासली?"

"स्टँडवरच्या शिंदेन सांगितल्यान."

"मूळव्याध असेलही," त्या म्हणाल्या. "पण तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. रक्त दिसलं की दाखवायचं. जास्त गेलं, डांबरासारखं काळं झालं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी यायचं."

पुढे दुर्बिणीने तपासलं. आतड्यात गाठ होती, आणि ती लिव्हरपर्यंत पोचली होती. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या.

काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी मला एवढंच विचारलं, "स्टँडवर सगळ्यांक ठाऊक होता?"

*

ऑपरेशननंतर आम्ही सगळे भेटायला गेलो. काकांनी चादर बाजूला करून शिंदेला पोटाला लावलेली शौचाची पिशवी दाखवली.

"आता हयसून होता."

शिंदेने चादर परत नीट ओढली. औषध काही सांगितलं नाही.

खाली आलो तर शिंदे दिसेना. वाटलं, रिक्षा काढायला गेला असेल. तो केसपेपरच्या रांगेत उभा होता.

"कोणाचा पेपर काढतोयस?" मी विचारलं.

त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

"बायकोला लाव," तो म्हणाला. "कोशिंबीर नव्हतीच रे तेव्हा. तूच सांग."