परत मागितलेलं वाक्य

गावंडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मुलीकडून स्वतःचा अहवाल तपासून घेत होत्या. गुढियारी वस्तीतल्या शाळेचा व्हरांडा, फरशीवर मांडी घालून बसलेल्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका आणि समोर दहा-अकरा वर्षांची पोरगी. तिच्याबद्दल लिहिलेलं मॅडम तिलाच वाचून दाखवत होत्या. "ये गलत है दीदी," मुलगी म्हणाली, "मैं डरी नहीं थी, गुस्सा थी." मॅडमनी ओळ खोडली, नवी लिहिली, पुन्हा वाचली. मुलीनं मान हलवली तेव्हाच पान उलटलं.

मी समुपदेशनाच्या एम.ए.ला नुकतीच आले होते. वडील रेल्वेतले, युनियनचे. तात्यापाऱ्यात, या हिंदी शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या डब्यांशेजारी असायचे, मी वाचायला शिकले तेही त्यांच्यावर. लिहिलेलं मागेही घ्यायचं असतं, हे त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गात मॅडम जोड्या लावत. एकीनं शाळेतलं पोर व्हायचं, दुसरीनं ऐकायचं. माझी पाळी आली की दोन मिनिटांत माझा सल्ला सुरू. मग मागून मॅडमचा तो अमरावतीच्या बोलीतला आवाज यायचा, "काहून वं, पोट्टी अजून बोलून राहिली ना? तुले भाषणाची गाडी पकडाची आहे का?" वर्ग हसायचा. मॅडम हसत नसत. "पहिले तिचं होऊ दे. मंग तुह्यं."

मुलाखतीआधी प्रत्येक मुलाला त्या सांगत, "तुमने जो बोला, वो तुम्हारा है. जब चाहो वापस माँग लेना." मला ते फॉर्मवरच्या सहीसारखं वाटायचं. करायचं म्हणून करायचं.

मग रानू आली. हे तिचं खरं नाव नाही. उरल्याच्या कारखानावस्तीतली, पंधरा वर्षांची. आईवडील दोघंही कारखान्यात शिफ्टला. घरचं सगळं उरकून ती शाळेत उशिरा पोचायची आणि वर्गाबाहेर उभी राहायची. शेवटी जाणंच बंद केलं. मॅडम वर्षभर दर आठवड्याला तिच्याशी बोलत होत्या. एकदा ती म्हणाली, "मैं क्लास में सिर्फ दिखती हूँ, रहती नहीं." शाळेतून हळूहळू निसटणाऱ्या मुलांवरचा मॅडमचा तीन वर्षांचा अभ्यास या एका वाक्याभोवती उभा राहिला. ते रेकॉर्डिंग मीच उतरवून घेतलं होतं. ते वाक्य मी आमच्या विद्यार्थी संघटनेसाठी लिहिलेल्या पत्रकावरही घातलं, मोठ्या टायपात. प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा, ही आमची मागणी. पत्रकं सोमवारी वाटायची होती. मॅडमचा अभ्यास पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवणारी बैठकही सोमवारीच.

गुरुवारी रानू मॅडमच्या खोलीत आली. दोन महिन्यांपासून ती पुन्हा शाळेत जात होती. "दीदी, वो वाली बात निकाल दो. क्लास में भी एक बार बोल चुकी हूँ. सब पहचान जाएँगे."

"हव," मॅडम म्हणाल्या आणि तिच्यासमोरच प्रत्येक पानावरून ते वाक्य खोडलं.

ती गेल्यावर मी उसळले. "मॅडम, एका मुलीसाठी हजारो मुलींचं नुकसान?"

"हजार पोट्ट्या मले अजून भेटल्या नाहीत. हे भेटली."

"माझ्या पत्रकातही ते आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "तिले इचारलं होतं?"

"नाव घातलेलं नाही मी."

"मी नावाचं नाही इचारून राहिली."

सोमवारच्या बैठकीत मी मॅडमच्या मागे बसले होते. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "आधीच्या मसुद्यात एक जबरदस्त उदाहरण होतं. कुठे गेलं?"

"ते माझं नव्हतं सर. जिचं होतं तिनं परत मागितलं."

"मग तुमचा निष्कर्ष कमजोर होतो, मॅडम."

"हो सर. कमजोर झाला." आणि त्या खाली बसल्या.

मी थक्क झाले. आपली बाजू लंगडी पडली हे भरल्या सभेत मान्य करून कुणी इतकं ताठ बसू शकतं, हे मी आमच्या कुठल्याच मंचावर पाहिलं नव्हतं. अभ्यास तिथेच थांबला.

पत्रकं मी वाटली नव्हती, पण फाडलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मॅडमकडे गेले. "काय करू?" त्या म्हणाल्या, "मले काय इचारतं? तिले इचार." तशीच उरल्याला गेले. रानूला पटवायचं, असं मनात होतं. आपल्या वाक्यात केवढी ताकद आहे हे तिला कुठे ठाऊक?

ट्रकच्या धुळीतून ती येताना दिसली. गणवेशात, दोन मैत्रिणींच्या मधोमध, कशावर तरी खिदळत. मला पाहिलं, मग काखेतला गठ्ठा पाहिला. वरच्या पत्रकावर तिचंच वाक्य होतं. तिचं हसू थांबलं.

"कौन है रे?" मैत्रिणीनं विचारलं.

गठ्ठा छातीशी उलटा धरून मी म्हणाले, "बहन, स्टेशन की गाड़ी किधर मिलेगी?"

रानूनं हातानं रस्ता दाखवला. थोडं पुढे गेल्यावर मागून तिघींचं हसणं पुन्हा ऐकू आलं.

विभागात परतून मी जमिनीवर बसले आणि एकेक पत्रक फाडू लागले. मॅडम आत आल्या. शेजारी बसल्या आणि अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला.