याही आणि मी, मेक्सिकोत

शहाद्यात माझं 'पाटील मोटार रिवायंडिंग' नावाचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, लोक त्या घेऊन येतात आणि मोटार होईपर्यंत बाकड्यावर बसून राहतात. माझे हात कॉइल भरत असतात, तोंड मात्र मोकळं! मग कोणी ना कोणी म्हणतोच, "मिस्त्री, मेक्सिकोचं काहीतरी सांगा ना!" मी एक किस्सा सांगतो, तो संपायच्या आत दुसरा आठवतो. असे किस्से साचत साचत आता पार गावोगाव गेलेत. परवा ब्राह्मणपुरीच्या एका गिऱ्हाइकाने माझाच किस्सा मला ऐकवला, आणि त्यात मी घोड्यावरून पडलो होतो!

मी पडलो नव्हतो. घोड्यावर मी नव्हतोच. तेव्हा एकदा नीटच सांगतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. माझी एकुलती मुलगी हर्षा. तिने चार वर्षांपूर्वी नीलेशशी कोर्टात लग्न केलं. नीलेशचे वडील म्हणजे आमचे व्याही. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. त्यांचं शहाद्याच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. सगळे त्यांना शेठजी म्हणतात. शेठाणी वारून सहा वर्षं झालीत. शेठजींना हे लग्न मान्य नव्हतं. ते आले नाहीत, आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या दुकानावरून जाताना समोरच्या मेडिकलचा बोर्ड वाचत जायचे. चार वर्षं तोच बोर्ड!

नीलेशला कंपनीने मेक्सिकोत पाठवलं, तिकडे हर्षाला दिवस गेले. बाळंतपणासाठी त्याने आम्हा तिघांची तिकिटं काढली. मी, माझी बायको कमल आणि शेठजी. एकच विमान, एकच रांग, मधल्या सीटवर कमल!

* * *

ते गाव म्हणजे डोंगराच्या कुशीतलं जुनं, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. पिवळी, निळी, गुलाबी घरं, दगडी गल्ल्या, मधे चौक आणि चर्च. नाव इतकं लांबलचक की मी गावालाच मेक्सिको म्हणतो.

आम्ही पोचलो आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वाट बघा. वाट बघणं मला जमत नाही हो! मी हॉलमधे फेऱ्या मारायचो, शेठजी गॅलरीत. मी गॅलरीत गेलो की ते हॉलमधे. पाचव्या दिवशी हर्षा वैतागली. तिने कागदावर यादी केली, 'गावात करण्यासारख्या मजेच्या गोष्टी', आणि फ्रिजवर चिकटवली. "आप्पा, पप्पा, दोघं बाहेर पडा. रोज एक करायची!"

पहिलीच गोष्ट होती, 'चौकात बाकावर निवांत बसणे.'

निवांत! मी बाकाच्या या टोकाला, शेठजी त्या टोकाला. माझा पाय हलतोय, त्यांची बोटं हलताहेत. तेवढ्यात एक आजी आली आणि बरोबर मधे बसली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. म्हणाली, "एर्मानोस?"

मला काय कळतंय! मी मान हलवली, "सी, सी." शेठजींनीही हलवली, "सी." नीलेशने आम्हाला तेवढा एकच शब्द शिकवला होता.

झालं! आजी जी सुरू झाली! बोट नाचवून दहा मिनिटं मला झापलं, मग दहा मिनिटं त्यांना. जाताना दोघांच्या पाठीत एकेक धपाटा.

घरी नीलेशला तो शब्द सांगितला. तो म्हणाला, "एर्मानोस म्हणजे सख्खे भाऊ. तिने विचारलं, तुम्ही भाऊ आहात का? आणि तुम्ही हो म्हणालात?"

शेठजी गॅलरीत निघून गेले.

* * *

बाजार यादीत दुसरा होता. तिथे एका बाईच्या टोपलीत हिरवीगार, काटे काढलेली फडी रचलेली. फड्या निवडुंग हो! लोक किलोने घेत होते. कमल ओरडलीच, "माय वं! हाई तं आपला बांधवरना फड्या शे! आपन ज्यानं कुंपन करतस, ते ह्या लोके खातस!"

त्याची भाजी कमलने दुसऱ्या दिवशी केली. भेंडीसारखी लागते. पण किस्सा तो नाही.

शेठजी जैन. मांस-अंडं सोडाच, कांदा, लसूण, बटाटाही चालत नाही. नीलेशने त्यांना सांगून ठेवलं होतं, "पप्पा, इथे 'सिन' म्हणजे शिवाय. जे नको त्याच्याआधी सिन लावायचं." शेठजींनी सगळं पाठ केलं. गाडीवाल्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सिन पोयो. सिन कार्ने. सिन उएवो. सिन सेबोया. सिन आहो. सिन पापा."

कोंबडी नको, मांस नको, अंडं नको, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. गाडीवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग गरम मक्याची भाकरी घेतली, नुसती, तिच्यावर लिंबाची एक फोड ठेवली आणि दोन्ही हातांनी आदराने पुढे केली.

शेठजी खूश! "समजदार मानूस शे!"

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो लांबून ओरडला, "सेन्योर सिन!"

आम्ही निघेपर्यंत त्या बाजारात शेठजींचं तेच नाव होतं, म्हणजे आपल्याकडे 'शिवायशेठ'!

* * *

यादीत 'जुन्या कारंज्याजवळ फोटो काढणे' होतं. गेलो तर कारंजं बंद. नगरपालिकेचा माणूस झाकण उघडून कपाळाला हात लावून बसलेला, आणि खालून मोटार 'घूंऽऽ घूंऽऽ' करतेय. मी सात दिवस हात बांधून बसलेला माणूस. तो आवाज ऐकला आणि मला राहवेना! मोटार चालू आहे पण फिरत नाही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. अजून पाच मिनिटं अशीच राहिली तर जळणार.

मी खुणेने म्हटलं, बंद कर. त्याने बटण बंद केलं. मी पँट दुमडली आणि उतरलो हौदात. तोच शिट्टी! पोलीस धावत आला. मी गुडघाभर शेवाळात, हातात पंप, तोंडात अहिराणी.

कमल घाबरून "ओ दादा, ओ दादा" करतेय. आणि कडेला पाठ करून उभे असलेले शेठजी एकदम पुढे झाले, पोलिसासमोर हात पसरून उभे राहिले. "नो! नो! इंजिनियर! इंडिया! नंबर वन!"

पोलीस थांबला. मी पंपाच्या पंख्यातून रंगीत कागदाच्या पताकांचा हा एवढा लगदा बाहेर काढला. कुठल्यातरी सणाच्या असणार. पंप जागेवर बसवला, बटण दाबलं, आणि कारंजं असं उसळलं की पोलीस, नगरपालिका आणि कमल, तिघंही ओले!

शेठजी ते माझ्याशी बोलले नव्हते, पोलिसाशी बोलले होते. पण मी ऐकलं ना!

* * *

आता घोडा.

तारीख उलटून आठवा दिवस. रविवार होता. चौकात मोठ्या टोप्या घातलेले घोडेस्वार आले, बँड आला. शेठजी दर वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला न चुकता जाणारे; घोडा घेत नाहीत, नुसते बघतात. ते सरळ एका काळ्या घोड्याकडे गेले, त्याचा ओठ वर करून दात बघितले, कपाळावरचा भोवरा बघितला.

मी नीलेशला म्हटलं, "पप्पांना सांग, दात काय बघताय? पाय बघा म्हणावं. मागचा डावा जरा उचलतोय."

शेठजी नीलेशला म्हणाले, "त्यासले सांग, मोटार नही शे ती!"

घोडेस्वाराला वाटलं, म्हाताऱ्याला बसायची हौस आहे. तो खाली उतरला, दोघांनी मिळून शेठजींना उचललं आणि ठेवलं खोगिरावर! त्याच वेळी बँड सुरू झाला. आणि तो घोडा नाचातला. अगदी आपल्या यात्रेतल्यासारखा! पुढचे पाय वर, मान खाली, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे. वर अडुसष्ट वर्षांचे शेठजी, दोन्ही हातांनी खोगिराची मूठ धरून. लोक टाळ्या वाजवताहेत, नीलेश मोबाइल काढतोय.

आणि शेठजींची किंकाळी आली, "मिस्त्री! उतार माले!"

चार वर्षांनी!

मी धावलो, लगाम धरला, घोड्याला चुचकारलं, शेठजींना कमरेला धरून खाली घेतलं. त्यांनी सदरा नीट केला. केस नीट केले. मग नीलेशकडे वळले.

"त्यासले सांग, उपकार व्हयनात."

* * *

नवव्या दिवशी घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. हर्षाचे पाय सुजलेले, कमल देवाचं नाव घेतेय, डॉक्टर म्हणाले उद्यापर्यंत बघू, नाहीतर दाखल करू. संध्याकाळी हर्षाच म्हणाली, "घरात बसले तर मला वेड लागेल. यादीतली गाण्याची फेरी राहिलीय. जवळच आहे. हळूहळू चालते."

फेरी म्हणजे काळे, जुन्या धाटणीचे कपडे घातलेले सात-आठ जण गिटार वाजवत, गात गल्लीबोळांतून चालतात आणि लोक मागे नाचत जातात. कमल टाचा उंचावून नवरी शोधायला लागली. शेठजींना नवरदेव कुठे दिसेना, त्यांनी नीलेशला विचारलं, "नवरदेव कथा शे?"

"पप्पा, लगीन नही शे. हाई नुसतीच वरात."

शेठजी हात मागे बांधून दोन वळणं तसेच चालले. नीलेशच्या लग्नात वरात कसली, कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही पाच माणसं होतो. तिसऱ्या वळणावर शेठजी थांबले. खिशातून रुमाल काढला, झटकला, दोन्ही टोकं धरून डोक्यावर ताणला.

"मंग हाई तुन्ही समजी ले," ते नीलेशला म्हणाले. आणि नाचायला लागले.

तसे नाच मी आमच्याकडच्या लग्नांत शेकड्यांनी पाहिलेत. पण त्या अरुंद गल्लीत, त्या परक्या गाण्यावर, ओठ घट्ट मिटून नाचणारा तो माणूस मी विसरणार नाही. नाचता नाचता त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलं. हर्षा भिंतीला टेकून हसत होती, रडत होती, दोन्ही.

पहाटे तिला कळा सुरू झाल्या. कमल गडबडीत पिशवी भरताना म्हणाली, "शेठ नाचना, आनि बाळले निरोप पोचना!"

* * *

दवाखान्यात नीलेश आणि कमल आत. बाहेर आम्ही दोघं. मी या टोकाकडून चालत निघायचो, ते त्या टोकाकडून, मधे एकमेकांना ओलांडायचो. सकाळची दुपार झाली. एक नर्स तीन वेळा बाहेर येऊन खुर्च्यांकडे बोट दाखवून ओरडली.

शेठजी मधेच थांबले. "काय म्हनी ऱ्हायनी ती?"

"बठा म्हनी ऱ्हायनी."

"तुले कसं समजनं?"

"दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकले हेच सांगस."

आम्ही बसलो. शेजारी शेजारी. माझा पाय हलत होता. त्यांनी त्यावर हात ठेवला.

मग दार उघडलं. नर्स हसत आली. दोघंही ताडकन उभे! ती म्हणाली, "निन्या! निन्या!"

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. "नैना? नाव बी ठेई दिनं? आमले इचारं बी नही!"

मागून नीलेश आला, डोळे पुसत. "पप्पा, निन्या म्हणजे मुलगी. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत."

पण आत हर्षाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नैनाच ठेवूया."

* * *

नैना बारा दिवसांची झाली तेव्हा जन्माची नोंद करायला आम्ही सगळे गेलो. जुनी दगडी इमारत, उंच छत, खिडकीशी कॉम्प्युटरवर एक तरुण बाई. नीलेशने कागद दिले. तिने नाव टाइप केलं, नैना. आडनाव टाइप केलं, जैन. आणि थांबली. काहीतरी विचारलं. नीलेश नाही नाही म्हणाला.

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" शेठजींनी विचारलं.

"काही नाही पप्पा. इथे मुलाला दोन आडनावं लावतात. आधी बापाचं, मग आईचं, माहेरचं. मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं, रिकामं सोडा."

"रिकामं चालस?"

"परदेशी लोकांना चालतं म्हणतेय."

हर्षा बाळाचं टोपडं सारखं करत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. कमलने माझ्या बाहीला धरलं होतं.

शेठजींनी खुर्ची ओढली. त्या बाईच्या अगदी समोर बसले, चष्मा लावला आणि टेबलावर बोट आपटत सुरू झाले.

"पी. पापाया!"

ती बाई चमकली, मग हसली, टाइप केलं.

"ए. अमिगो. टी. तोमाते. आय. इंडिया." एक क्षण अडले. छताकडे बघितलं. "एल. लिमोन!"

प्रिंटर घरघरला. बाईने कागद तपासायला पुढे केला. शेठजींनी तो घेतला, वाचला आणि माझ्या हातात दिला. नैना जैन पाटील. मी कागदावरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"काय पाही ऱ्हायना मन्हाकडे, मिस्त्री?" शेठजी खेकसले. "स्पेलिंग तपास!"