आत्याबाईंनी अंथरूण धरलं नव्हतं

“हेमिप्लेजिया,” कर्जतचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे अर्ध्या अंगावरून वारं गेलं. माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, डावा हातपाय लुळा पडला होता. काही दिवसांनी घरी सोडताना ते एवढंच बोलले, “आता घरीच सांभाळा. आराम द्या.”

आराम कसा द्यायचा, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला.

आमच्या कडाव गावात आराम म्हणजे हलायचं नाही. मी कूस बदलायला हात लावला की भेटायला आलेली एखादी बाई ओरडायची, “नको गं हलवू म्हातारीला! अंथरूण धरलंय तिनं.” अंथरूण धरलं म्हणजे विषय संपला. केळी द्यायची, हळहळायचं, चहा पिऊन जायचं. या बायांचा मला अजून राग येतो.

माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग फुटली. घरात वास सुटला. पुन्हा टेंपोतून कर्जत.

“बेडसोअर. एकाच अंगावर पडून राहिलं की मांस सडतं,” म्हणत डॉक्टरांनी मलाच झापलं. “कूस का बदलली नाही? जखम हाडाला लागली तर वाचायच्या नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमी सांगितलं व्हतं का? आता दाखवल्याबिगर मी इथून हलायची नाय!”

बाहेर बसलेले सगळे ऐकत होते. ऐकू देत.

शेवटी तिथल्या नर्सबाईंनी दाखवलं. कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची, जखम कशी धुवायची. घरी आमच्या यांनी आढ्याला दोर बांधला. उजव्या हाताने तो धरून आत्याबाई उठून बसायला शिकल्या. एक शेजारीण पुन्हा तेच बोलली, तेव्हा आत्याबाई बोबड्या जिभेने म्हणाल्या, “मी नाय धरलं अंथरूण. तुमीच मला बांधलंय त्याला.” शेजारीण चहा न घेताच उठली.

जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. डावा हात काही परत आला नाही. पण आत्याबाई आता स्वतःच्या हाताने जेवतात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात.

नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण रागही सोडणार नाही. मोठ्या दवाखान्यातून म्हातारी माणसं घरी पाठवतात, आणि घरी येऊन दाखवणारं कुणी नाही. म्हणून आता मीच जाते.

मागच्या आठवड्यात एका घरी गेले. सून दारातच रडायला लागली. मी आत जाऊन तिच्या सासूच्या अंथरुणापाशी पदर खोचला. म्हटलं, “रड नंतर गं. आदी त्या बाजूनं धर.”