टोणग्यावरची खाच

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या महादूला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित तुमच्यापुढं जीभ उचलतेय.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. उर्दू शाळांच्या मराठी शाळा होत होत्या, मास्तर कमी पडत होते. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला. येरमाळ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो. गावामागं डोंगर, आणि त्याच्या उतारावर काळे कातळ पडलेले — कुठं बैलगाडीएवढे, कुठं घराएवढे. शाळा सुटली की मी तिकडंच. का? काय सांगू. उन्हानं तापलेल्या दगडाला गाल लावायचा, बोटं फटीत रुतवायची, पाय उचलायचा — की डोक्यातला सगळा गलका गप्प व्हायचा. देवळात मला असं कधी झालं नाही.

महादू तिथंच भेटला. माझ्याच वयाचा, डोंगराखालच्या शेतात राबणारा. मास्तर दगडाला लोंबकळतोय म्हणून गाव हसायचं. त्यानं मात्र धोतर खोचलं आणि माझ्या शेजारी चढायला लागला. घामेजल्या तळव्यांना माती चोळायची, हे त्यानंच मला शिकवलं. तो माझ्याहून लई चांगला चढायचा. हे मला कळत होतं — आणि सलत होतं.

सगळ्यात मोठ्या कातळाला गाव टोणगा म्हणायचं. मागच्या अंगानं त्याच्यावर शेरडंसुद्धा जायची. पुढून मात्र तीन पुरुष उंच, सरळ भिंत. पाऊस उघडल्यापासून आम्ही दोघं तिला भिडलो होतो. वरच्या काठाला हात घालायचा, त्या शेवटच्या हातापाशी दोघंही अडायचो.

एक दिवस महादू बाजाराहून परतत होता. त्यानं मला टोणग्याच्या माथ्यावर उभं पाहिलं. मी मागून गेलो होतो, नुसता वारा खायला. त्यानं खालून विचारलं, पुढनं चढलात का?

मी हो म्हणालो.

निदान तिथं तरी मी थांबायला हवं होतं. त्यानं विचारलं, वरचा हात कुठं घातला. मी सांगितलं — उजवीकडं, काठाच्या वर, खालून दिसत नाही, पण खाच आहे, चार बोटं बसतात. एवढं बारीक सांगायची काय गरज होती? त्याच्या तोंडावरचं कौतुक मला हवं होतं. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चढला. मी खाली उभा होतो. शेवटच्या हातापाशी तो थांबला, श्वास घेतला. थांब म्हणायला मला वेळ होता — भरपूर वेळ होता. मी बोललो नाही. त्यानं उजवा हात वर टाकला. हात काठावरून तसाच घसरला.

मांडीचं हाड मोडलं. गाडीत घालून बार्शीच्या दवाखान्यात नेला. जीव वाचला, पण पाय आखूड राहिला.

तो घरी आल्यावर मी भेटायला गेलो. त्याची बायको काशी चुलीपुढून उठली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "गुरुजी, तिथं खाच व्हती का?"

"होती," मी म्हणालो.

महादू बाजेवरून तिच्यावरच रागावला. गुरुजी कशाला खोटं बोलतील, म्हणाला. मग म्हणाला, चालाय लागलो की मागनं वर जातो, हात लावून बघतो.

तुम्हाला वाटेल, आता तरी मी बोललो असेन.

चैतात येडेश्वरीच्या यात्रेला सगळं गाव येरमाळ्याला गेलं. मी अंग दुखतंय म्हणून मागं राहिलो. तुळजापूरहून छिन्नी-हातोडा आणून ठेवला होता. टोणग्यावर पालथा पडलो, काठाशी हात घातला — दगड गुळगुळीत. दुपारभर तिथं खाच कोरली. चार बोटं बसतील एवढी. ज्या दगडावर माझा जीव होता, त्याच्यावर घाव घातले. कपच्या वेचून लांब टाकल्या, ताजा घाव दिसू नये म्हणून चिखल आणि शेण चोळलं.

पुढचा पावसाळा संपल्यावर महादू काठी टेकत वर आला. मी बरोबर होतो. तो पालथा झाला, काठाशी हात घातला. बोटं बसली.

"हाय की ओ गुरुजी," तो म्हणाला. "तुमी बराबर सांगितलं व्हतं. मीच हुकलो."

उठताना मी त्याला हात दिला. माझा हात धरूनच तो म्हणाला, "काशीनं तुमच्यावर संशय घेतला. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हणालो, "असू दे."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. महादू पुढं लई वर्षं जगला. मास्तरची बरोबरी करायला गेला आणि पडला, असं गाव म्हणायचं. तोही तसंच सांगायचा, असं ऐकलं. औत काशी धरायची. तो गेल्याचं मला पत्रानं कळलं. मी गेलो नाही.

तिथं खाच नव्हती. टोणगा मी पुढून कधीच चढलो नाही.