म्हशीचा फोटो

शाळेची व्हॅन आधी माझा नवरा चालवायचा. त्याच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि "थोडे दिवस दुसरा ड्रायव्हर बघू" असं त्याचं चाललं होतं, तोवर मीच चावी उचलली. पहिल्या दिवशी गावातल्या बायका रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, जशी काही मी विमानच उडवणार होते. आता जुन्या हायवेनं कंटेनरच्या बाजूनं व्हॅन काढताना मला काही वाटत नाही. सकाळी कुंभिवलीकडून पोरं गोळा करत चौकाजवळच्या शाळेत यायचं, दुपारी त्यांना परत नेऊन सोडायचं. व्हॅनमध्ये वडापाव खायला परवानगी, पण चटणी सीटला पुसायची नाही, एवढाच माझा कायदा.

गाडी सुरू झाली की पोरं मला विसरतात. ड्रायव्हर म्हणजे त्यांच्या लेखी स्टेअरिंगचाच एक भाग. त्यामुळे कोणी कोणाची वही छापली, कोणाच्या घरी काल ताटं आपटली, सगळं मला कळतं. मी ते कुठं बोलत नाही, म्हणून धंदा टिकून आहे.

दहावीतला एक मुलगा कायम माझ्या शेजारी बसायचा, कारण मागं त्याचे पाय मावायचे नाहीत. कबड्डीत चढाई करणारा, अंगानं दणकट, आणि तोंड अखंड चालू. त्याच्या बापाची भातशेती. हायवेलगतचा तुकडा विकून बापानं बंगला बांधला होता आणि पोराला चांगलासा फोन घेऊन दिला होता. त्याच वर्गातली एक मुलगी डोंगराखालच्या वाडीवरून चालत रस्त्यापर्यंत यायची आणि तिथून व्हॅनमध्ये चढायची. घरात सगळ्यांत मिळून एकच फोन, तो शाळेच्या ग्रुपसाठी बहुतेक वेळ तिच्याकडे. ती बोलायची कमी, पण बोलली की समोरचा गप्प व्हायचा.

दिवाळी होऊन गेली होती, शेतात वाल तरारले होते. पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा भरलेलं मडकं, शेतात कधी लावायची यावर व्हॅनमध्ये रोज भांडणं चालायची. त्याच सुमारास माझ्या शेजारचा रेडिओ बंद पडला. मुलगा खिडकीबाहेर बघत बसायचा. कबड्डीच्या सरावालाही जाईना. मला वाटलं, असेल काहीतरी, दहावीचं वर्ष आहे.

मग एका दुपारी बाकीची पोरं उतरल्यावर ती मुलगी जागची हललीच नाही.

"काकी, तुमाला एक दाखवायचंय," ती म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला.

त्या मुलाचा मेसेज होता. 'एक फोटो पाठव ना. तसला. कोणाला नाय दाखवणार.' तसला म्हणजे कसला, ते पुढच्या ओळीत होतं. वाचून माझे कान तापले. त्याच्याखाली तिनं खरंच एक फोटो पाठवला होता. तिच्या वाडीवरच्या म्हशीचा. अगदी जवळून काढलेला, नाकपुड्यांसकट.

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"तुमी त्याला सांगा. नायतर मी माझ्या बापाला सांगीन, मग तो कोयता घेऊनच येल."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले आणि आधी त्या मुलाच्या थांब्यावर गेले. तो चढल्या चढल्या मी दार लावलं आणि सुरू झाले. पोरीला असं विचारतोस, लाज वाटत नाही का, तुझ्या आईला सांगू का, जे सुचेल ते बोलत गेले. तो उलटून बोलेल असं मला वाटलं होतं. पण एवढा दांडगा पोरगा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. मला काही सुचेना. गाडीचं इंजीन तेवढं बंद केलं.

"काकी, मला नको होता तिचा फोटो. ती मागतेय."

"कोण ती?"

मग सगळं बाहेर आलं. फोनवरच्या गेममध्ये त्याची एका मुलीशी ओळख झाली होती. ती म्हणे नाशिकची, तीही दहावीत. रोज गप्पा, अभ्यासाच्या, घरच्या. तिनं स्वतःचे म्हणून काही फोटो पाठवले आणि याच्याकडे एक मागितला. यानं पाठवला. त्याच दिवशी बोलण्याचा सूर बदलला. तुझ्या वर्गातल्या मुलींचे फोटो मिळवून दे, नाहीतर तुझा फोटो तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवते. यानं तिला ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नावानं मेसेज आला. सोबत याच्या मामाची, आत्याची, कबड्डीच्या मुलांची यादी. ती मुलगी मुलगी नव्हतीच, हे त्याला तोवर कळून चुकलं होतं.

"मंग मी हिला विचारलं," तो म्हणाला. "ती भांडकुदळ हाय, नायच म्हणंल असं वाटलं होतं. विचारलं एवढं तरी त्याला सांगता आलं असतं."

मला त्याचा राग यायचा राहिलाच. पुढच्या थांब्यावर पोरं खोळंबली होती. मी त्याला पाणी दिलं, तोंड पुसायला लावलं आणि रोजच्यासारखी व्हॅन भरली.

शाळेबाहेर गाडी उभी करून मी माझ्या धाकट्या नणंदेला फोन लावला. ती कर्जतच्या कोर्टात वकिली करते. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "थांब, त्याच्या फोनमधलं मी माझ्या फोनवर घेते आणि तुला पाठवते, म्हणजे तू नीट बघशील."

"वहिनी!" ती एवढ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "काही पाठवू नकोस! मला नको, कोणालाच नको. तुझ्या फोनवरही घेऊ नकोस."

"अगं, मदतीसाठीच ना?"

"कायदा ते विचारत नाही. अठराच्या आतल्या पोराचा असा फोटो काढणं, ठेवणं, पुढं पाठवणं, सगळंच गुन्ह्यात मोडतं. बघा पोरं कशी वाया गेली म्हणून ग्रुपवर टाकणारे काका-मामासुद्धा त्यात येतात. तू व्हॅन चालव, खटला नको चालवून घेऊ."

मग ती शांत झाली आणि एकेक सांगत गेली. मुलानं काही पुसायचं नाही, तोच पुरावा. समोरच्याला उत्तर द्यायचं नाही, त्याचं काही ऐकायचं नाही, त्याला घाबरून आणखी काही पाठवायचं नाही. घरच्यांना आजच्या आज सांगायचं आणि पोलिसांत जायचं.

"आणि घरचे नाही म्हणाले तर?"

"तर तू जायचंस. मुलांसाठीच्या पोक्सो कायद्यात कळल्यावर गप्प बसणं हाही गुन्हा आहे. हे बघ, तो मुलगा फसवला गेलाय, कायद्याच्या नजरेत तोही बालकच आहे. पण त्यानं त्या मुलीकडे जे मागितलं तेही लहान नाही. तिनं खरंच पाठवला असता आणि यानं तो पुढं दिला असता, तर हाच बाल न्याय मंडळापुढं उभा राहिला असता. म्हणून म्हणते, इथंच थांबवा."

संध्याकाळी मी त्यांच्या बंगल्यावर गेले. अंगणात भाताची झोडणी संपून पेंढा रचायचं काम चाललं होतं. बापाला बाजूला घेतलं. आई दारात येऊन उभी राहिली. मुलगा माझ्या मागं, जणू मी त्याला झाकू शकत होते.

ऐकता ऐकता बापाचा हात वर गेला. मी मध्ये उभी राहिले. हात तसाच राहिला, मग त्यानं त्याच हातानं मान खाजवली.

"पोरगाच हाय ना?" तो म्हणाला. "पोरगी असती तर गोष्ट येगळी. पोराचं काय जातंय? फोन फोडून टाकतो, विषय संपला."

"त्याचं काय जातंय ते तुमी बघितलंय का?" त्याची आई दारातूनच म्हणाली. "ताटातला भात तसाच उठतोय कधीपासून. मला वाटलं कावीळ झाली."

बाप पायरीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "पोलिसांत गेलो की गावभर होईल. दारात जीप उभी राहील."

मी नणंदेनं सांगितलेलं सांगितलं. अशा केसमध्ये मुलाचं नाव कुठं येत नाही, कोणी छापलं तर त्याच्यावरच कारवाई. तो मागं वळला आणि आत गेला. मला वाटलं, झालं, दार लावून घेतलं. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि मुलाला म्हणाला, "चल रं. चप्पल नको, बूट घाल."

ठाण्यात तक्रार लिहून घेतली, आणि मुलाचं सविस्तर म्हणणं घ्यायला दुसऱ्या दिवशी एक बाई अधिकारी घरीच आल्या. स्कूटरवर, साध्या पंजाबी ड्रेसात. जीप नाही, वर्दी नाही. शेजारच्यांना वाटलं प्लॉट बघायला कोणीतरी मुंबईची पार्टी आली. एक जण तर कुंपणावरून वाकून, आमचाही तुकडा विकायचा आहे म्हणून सांगून गेला.

आईबाप शेजारी बसले होते, आणि मुलाच्या हट्टानं मीही. बाईंनी आधी कबड्डीचं विचारलं. चढाईला कोणता पाय पुढं, गुडघा दुखतो का. मग हळूहळू मूळ गोष्टीवर आल्या. मुलगा खाली बघून सांगत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "खरं सांग. तुला कोणा मुलीचा फोटो मिळाला का?"

"एक मिळाला."

बापानं डोळे मिटले.

"कोणाचा?"

"म्हशीचा."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मुलानं तो फोटो दाखवला. बाईंनी ओठ घट्ट दाबून धरले, पण त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आई हसली, मग बाप, आणि बऱ्याच दिवसांनी तो मुलगा.

गेममधल्या त्या माणसानं धमकी थोडी खरी केली. मुलाचा फोटो त्याच्या पनवेलच्या आत्याला गेला. तिनं लगेच भावाला फोन केला, "तुझ्या पोराचं काहीतरी आलंय बघ. मी बघितलं न बघितलं केलं. पोरगा बरा हाय ना?" तिनं तो कोणाला दाखवला नाही. बाईंना कळवलं आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. ज्या दिवसाला तो मुलगा एवढा भीत होता, तो दिवस असा येऊन गेला. नंतर ती खाती बंद झाली. माणूस दुसऱ्या कुठल्या राज्यात बसलेला असावा, तसल्याच तक्रारी आणखी ठिकाणांहून आल्यात, असं बाईंनी सांगितलं. तो सापडला की नाही ते मला अजून माहीत नाही.

त्या मुलीच्या आईवडिलांना बाईंनी स्वतः वाडीवर जाऊन समजावलं. मुलगा बापासोबत त्यांची माफी मागून आला. मुलीचीही मागितली, व्हॅनमध्ये, सगळे उतरल्यावर, माझ्यासमोर.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू अडकलास म्हणून मला अडकवायला निघालास. मी पाठवला असता तर?"

मला त्याच्या बाजूनं बोलावंसं वाटलं नाही. ती उतरली आणि पाठीमागे न बघता वाडीच्या वाटेला लागली.

पुढे शाळेनं माझ्या नणंदेला बोलावलं. कोणाचं नाव नाही, कुठली घटना नाही, नुसती माहिती. मीही मागं जाऊन बसले होते. त्याच मुलीनं हात वर केला. "दोघांनी आपल्या मर्जीनं पाठवले असतील तर?"

"अठराच्या आत ती मर्जी कायदा धरत नाही," नणंद म्हणाली. "आज मर्जी असते, उद्या भांडण होतं, आणि फोटो तेवढा तिथंच राहतो. कोणी मागितला तर नाही म्हणा. पाठवून बसला असाल तर एकट्यानं निस्तरायला जाऊ नका. घरात कोणी ऐकणारं नसेल तर शाळेतल्या बाईंना सांगा, सरांना सांगा, व्हॅनवाल्या काकीला सांगा."

सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

मुलगा परत सरावाला जाऊ लागला. माझ्या शेजारी बडबडही सुरू झाली, थोडी कमी. मुलगी मागं बसायची आणि त्याच्याशी एक अक्षर बोलायची नाही. मी मध्ये पडले नाही. मग परीक्षेच्या आधी एका सकाळी चौकाच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. लहान पोरांना मी झाडाखाली उभं केलं. मुलानं पाना काढला, चाकाशी बसला आणि सगळा जोर लावून नट फिरवायला लागला. नट हलेना. तो लाल झाला, पाय टेकवून परत जोर लावला.

ती मुलगी थोडा वेळ हाताची घडी घालून बघत राहिली. मग पुढं झाली.

"उलटा फिरवतोयस रं," ती म्हणाली. "सरक जरा."