गिअरला मेंढ्या हव्या होत्या

माझ्या मावशीने शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून उभा जन्म काढला, आणि तोही खरोखरच उभ्याने. त्यामुळे रिटायर झाल्यावर बसायचं कसं, हे तिला येईना. जिन्यात दोन बायका बोलत थांबल्या की मावशी हजर, "चला, पुढे सरका, वाट मोकळी ठेवा." घरी चार माणसं आली की त्यातल्या दोघांना ती "मागे जागा आहे" म्हणून आतल्या खोलीत पाठवायची. तिच्या बसची घंटा कायम बिघडलेली असे, म्हणून ती शिट्टीवर बस चालवायची. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ती शिट्टी रिटायर झाल्यावरही तिच्या गळ्यातच होती. मी तिची भाची. नोकरीसाठी या गावात आले आणि तिच्याकडेच राहिले. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून संध्याकाळी माझा पारा चढलेला असतो, हे आधीच सांगून ठेवते.

अशा घरात कुत्रा आला. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं. त्यांनी मोबाइलवर बॉर्डर कॉली जातीचे व्हिडिओ बघितले, काळं-पांढरं रेशमी अंग, हुशार डोळे, आणि घेऊन आले एक. दोघंही सकाळी ऑफिसला जात ते अंधार पडल्यावर परत येत. कुत्र्याने आधी चपला खाल्ल्या, मग सोफा, मग दाराची चौकट. शेवटी त्याला कुठेतरी लांब सोडून यायचं ठरतंय, असं मावशीच्या कानावर आलं. ती तशीच वर गेली आणि म्हणाली, "सोडताय कुठे? जीव आहे तो, भंगार नाही. आणा इकडे."

लसींचं कार्ड, पट्टा आणि अर्धं उरलेलं खाणं घेऊन तो खाली आला. आल्या आल्या त्याने घराला अकरा की बारा चकरा मारल्या, मी मोजायचं सोडून दिलं. "याला एकच गिअर आहे, टॉपचा," मी वैतागून म्हटलं. मावशीला ते इतकं आवडलं की त्याचं नावच गिअर पडलं.

आता मावशीची अपेक्षा काय, तर हा गुबगुबीत प्राणी दुपारी तिच्या पायाशी पडून राहील आणि ती पेपर वाचेल. पी हळद आणि हो गोरी! चौथ्या दिवशी मला कळलं की आपण आपल्याच घरात कोपऱ्याकोपऱ्याने चालतोय. मी स्वयंपाकघरात निघाले की गिअर आडवा यायचा, खाली मान घालून टक लावायचा आणि मला हळूहळू मावशीच्या खुर्चीजवळ नेऊन उभं करायचा. आम्ही दोघी एका जागी आलो की मग कुठे त्याच्या जिवाला स्वस्थता.

घरात हे गमतीचं होतं. अंगणात नव्हतं.

आमच्या बिल्डिंगच्या चेअरमननी डॉक्टरांच्या सांगण्यावरून नुकतंच धावणं सुरू केलं होतं. पांढरे बूट, कपाळाला पट्टी, आणि अंगणाला फेऱ्या. गिअरने त्यांना पाहिलं आणि मावशीच्या हातून पट्टा निसटला. तो भुंकला नाही, चावला नाही. त्याने चेअरमनना फक्त वळवलं. ते डावीकडे गेले की हा डावीकडे, ते उजवीकडे गेले की हा उजवीकडे, असं करत करत त्याने त्यांना पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी कोपऱ्यात नेऊन उभं केलं. चेअरमन भिंतीला पाठ लावून ओरडत होते आणि मावशी लांबून सांगत होती, "काही करत नाही हो तो!"

कुत्रा पाळणाऱ्या जगातल्या प्रत्येक माणसाने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. मावशीने ते आठवडाभर म्हटलं. मग एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या पोरी अंगणात पकडापकडी खेळत होत्या. एक इकडे पळाली, एक तिकडे. गिअरने एकीला पंपापाशी आणलं, पण दुसरी काही वळेना. तेव्हा त्याने तिची टाच दाताने चिमटली. मोजा फाटला, टाचेवर लाल वळ उठला, आणि ती पोर जी किंचाळली ती चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. जुळ्यांची आई धावत खाली आली. तिने मुलीला उचललं, मावशीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काही करत नाही ना तो?"

मावशी लसींचं कार्ड घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि परत आल्यावर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमन दारात आले. "महिनाअखेरच्या रविवारी मीटिंग आहे. त्याला राहू द्या म्हणणाऱ्यांनी तिथे हात वर करायचे, त्यावर ठरेल. पण मनाची तयारी ठेवा, कुत्रा जाणार." वरचं जोडपं त्याला परत घेणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. जाणार म्हणजे रस्त्यावरच.

मग मावशीने तिचा स्वतःचा उपाय केला. तीस वर्षं तिने दंगा करणाऱ्या प्रवाशांना एकाच पद्धतीने सरळ केलं होतं. त्यांना आपल्या शेजारच्या सीटवर, दाराजवळ बसवायचं, म्हणजे नजरेत राहतात. तिने गिअरला बाहेरच्या गॅलरीत, आपल्या खुर्चीशेजारी बांधलं. खाली सगळं अंगण दिसत होतं, पोरं पळत होती, चेअरमन धावत होते, आणि याला जागचं हलता येत नव्हतं. तो भुंकायला लागला. आता कंडक्टरला कुणी हाक मारली की त्याने जायचंच, हे तिच्या अंगात मुरलेलं. गिअर भुंकला की ही लगेच, "आले रे आले," म्हणून बिस्किट द्यायची. तो आणखी भुंकायचा, आणखी बिस्किट मिळायचं. थोड्याच दिवसांत त्याला पक्कं कळलं की या गाडीत ओरडलं की तिकीट मिळतं! बिल्डिंगच्या नाकी नऊ आले आणि माझ्याही. मी म्हटलं, "मावशी, आता डॉक्टर तरी गाठ, नाहीतर मीच रस्त्यावर जाते."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गिअरचे कान बघितले, दात बघितले आणि मावशीला विचारलं, "याचा दिवस कसा जातो?"

"सकाळी फिरतो, संध्याकाळी फिरतो. बाकी वेळ माझ्या शेजारी बसतो, मीही रिटायरच आहे."

"बसतो की बसवता?"

मावशी गिअरचा पट्टा सारखा करायला लागली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "हा मेंढ्या वळणारा कुत्रा आहे. याच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या तेवढंच केलंय. पळणारं काही दिसलं की वळवायचं, न वळलं तर टाच चिमटायची. हा दुष्ट नाही आणि वेडाही नाही. याला काम नाहीये. तुम्ही काम दिलं नाहीत तर तो स्वतः शोधणार, आणि त्याने शोधलेलं तुम्हाला परवडणार नाही."

"मारून सुटेल का ही खोड?" मावशीने विचारलं.

"खोड नाही ती, स्वभाव आहे. स्वभाव जात नाही. त्याला वाट करून द्यायची, आणि जिथे वाट देता येत नाही तिथे आपण पट्टा धरायचा. तुम्ही रिटायर होऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"कसं वाटतंय?"

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं, आणि मला एकदम कळलं की माझी मावशी जिन्यात बायकांना पुढे का सरकवत असते. मला तिची इतकी माया आली की मी दवाखान्यातच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. गिअरने मध्ये येऊन आम्हा दोघींना आणखी जवळ ढकललं, ते वेगळंच.

आणि मग जे सुरू झालं, ते काय सांगू! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंढ्या नसतील तर चेंडू चालतील. व्यायामाला वापरतात ते मोठे रबरी चेंडू, माणसाच्या कमरेएवढे. मावशीने तीन आणले, लाल, निळा आणि पिवळा. बिल्डिंगच्या मागे मोकळं मैदान होतं. सकाळी तिथे माणूसकाणूस नसायचं. मावशी दोन खांबांच्या मध्ये उभी राहायची, गिअरने तिन्ही चेंडू नाकाने ढकलत तिच्यापर्यंत आणायचे. दोन शिट्ट्या, चल. एक शिट्टी, थांब.

पहिले काही दिवस एका शिट्टीला थांबले ती फक्त मी. गिअर चेंडू घेऊन रस्त्याच्या दिशेने सुसाट, त्याच्या मागे लांब दोरी, दोरीच्या मागे मावशी आणि मावशीच्या मागे तिला सावरायला मी. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत हे मावशीला तेव्हा उमगलं. तिने खुर्ची टाकून दिली आणि बूट घेतले. गिअर थांबला की खाऊ, भुंकला की काहीही नाही, तिने चक्क पाठ फिरवायची. "गाडी भुंकणाऱ्यांसाठी थांबत नाही," ती त्याला सांगायची. जिन्यात आणि लिफ्टमध्ये त्याच्या तोंडाला जाळी असायची. अंगणात पोरं खेळत असली तर ती मागच्या दारानेच बाहेर पडायची, कितीही वळसा पडला तरी.

आणि एका सकाळी, पिवळा चेंडू उतारावरून गडगडत निघालेला, गिअर त्याच्या मागे बाणासारखा, आणि मावशीने एक शिट्टी मारली. तो जागच्या जागी पोटावर बसला! चेंडू पुढे निघून गेला आणि हा थरथरत, जीभ बाहेर काढून, मावशीकडे बघत बसलेला! मी मैदानात नाचले. खरंच नाचले, दवाखान्याच्या युनिफॉर्ममध्ये. मावशी त्याच्या गळ्यात पडून त्याला "शहाणा माझा, शहाणा माझा" म्हणत होती. त्या दिवशी घरी आल्यावर गिअर पहिल्यांदा दुपारभर झोपला. मावशीही.

महिनाअखेरचा रविवार उजाडला. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि अख्खी बिल्डिंग जमली होती. मावशी गिअरला घेऊन खाली आली, तोंडाला जाळी, पट्टा तिच्या मुठीत. जुळ्यांची आई शेवटच्या रांगेत दोन्ही पोरींना कवेत घेऊन उभी होती.

चेअरमन म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही, याची गॅरंटी देता?"

मला वाटलं, आता मावशी छातीठोकपणे हो म्हणणार. ती म्हणाली, "त्याची गॅरंटी देत नाही. तो मेंढ्या वळणारा आहे. पळणारं दिसलं की त्याला वळवावंसं वाटणारच, उद्याही आणि म्हातारा झाला तरी. मी आधी म्हणत होते तो काही करत नाही, ते चुकलं माझं. गॅरंटी माझी आहे. तो माझ्या हातात असेल."

लोक कुजबुजले. चेअरमननी सगळ्यांसमोर बूट आवळले. "मग बघूच. मी धावतो."

आणि ते धावले. पंपापासून गेटपर्यंत, पांढरे बूट टप टप टप. गिअरचे कान उभे राहिले, मान खाली गेली, अंग ताणलं गेलं. मावशीने एक शिट्टी मारली. तो बसला. चेअरमन परत आले, या वेळी त्यांच्या मागे चार पोरं आरडाओरडा करत. गिअरच्या घशातून बारीक कण्हणं आलं, शेपटीचं टोक थरथरत होतं. मी पट्ट्याकडे बघत होते. पट्टा सैल होता! तिसऱ्या फेरीला तर चेअरमन अगदी त्याच्या नाकासमोरून गेले, आणि गिअरने मान वळवून मावशीकडे बघितलं, जणू विचारत होता, हे गृहस्थ सुटलेत, राहू देऊ का?

टाळ्या पडल्या! शिट्ट्या मारल्या लोकांनी! चेअरमन धापा टाकत हसायला लागले. "अहो कमाल आहे! आता सोडा की त्याला! एवढा शिकलाय, जरा मोकळा सोडा, बघू दे सगळ्यांना!"

"सोडा! सोडा!" पोरं ओरडायला लागली. मोठी माणसंही. मीसुद्धा! मी सांगते ना, मला राहवलंच नाही. आपला गिअर जिंकला होता, त्याला एकदा पट्ट्याशिवाय त्या अंगणात बसलेला सगळ्यांना बघू दे, असं मला आतून वाटत होतं. "मावशी, सोड ना," मी म्हटलं, "तो थांबेल."

"थांबेल," मावशी म्हणाली. "बहुतेक थांबेल. पण बहुतेकवर मी दुसऱ्याची पोर लावणार नाही."

अंगणातला उत्साह फुस्स झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे हिचाच विश्वास नाही." चेअरमनचा चेहरा उतरला. "असं कसं हो, तुम्हीच घाबरलात तर आम्ही मत कुणाला द्यायचं?" मला मावशीचा असा राग आला की विचारू नका. हातात आलेलं सगळं ती एका वाक्याने घालवत होती. तिने मात्र पट्ट्याचा आणखी एक वेढा मुठीला घेतला.

तेव्हा शेवटच्या रांगेतून जुळ्यांची आई पुढे आली. पोरींना तिने मागेच ठेवलं होतं. मावशीच्या समोर येऊन ती थांबली, गिअरकडे बघितलं, मुठीकडे बघितलं.

"मी त्याला घालवायला आले होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता त्याला सोडलं असतं ना, तो थांबला असता तरी मी त्याला घालवलं असतं."

मग तिने सगळ्या बिल्डिंगसमोर सगळ्यात आधी हात वर केला.